बाबाचा फोन मी संग नेला

आई, मी अमरावतीले चालली, पत्रकारितेच्या अॅडमिशनले. बी.एड.चं आता नको काढू वं! सकाळपर्यंत माहं ठरतच नव्हतं. तू वावरात गेली अन् बाबाचा फोन वाजला. रिठदची एक बाई म्हणे, "वार्ताहर साहेब आहेत का? शाळेचं छत पडलं, कोणी पाह्यलेई येत नाही."

बाबाले जाऊन वर्ष झालं, तरी तू फोन चार्ज करतं अन् "साहेब बाहीर गेले" म्हणून सांगतं. माह्याई तोंडून तेच निंघालं. बाई म्हणे, "मंग आमी वाट पाहतो." तवाच माहं ठरलं!

फोन संग नेला. वरण झाकून ठेवलं, जेवून घेजो. बसमधून त्या बाईले फोन लावीन, छत पाह्यले मी येतो म्हणीन. पण पह्यले बाबा वारले म्हणून सांगीन. तुह्यासमोर मले ते म्हणताच आलं नसतं.

पौर्णिमा