गयाबाईंचा तिसरा फोन

मंगळवार, संध्याकाळ

आज फार थकले. तहसीलच्या आपत्ती कक्षात बसून फोन घ्यायचे, कुठं जमीन हलली ते लिहून ठेवायचं, एवढंच तर काम. पण गयाबाईंचं बोलणं डोक्यातून जाईना.

शिरड शहापूरकडच्या या आजी एकट्याच राहतात. आठवड्यातला आज त्यांचा तिसरा फोन. "बाई, भुईतून गुडगुड आवाज आला. मांडणीवरची भांडी वाजली." आधीच्या दोन्ही वेळी भूकंपाच्या यंत्रावर काहीच नोंद नव्हती. मी वैतागले. "आजी, उंदीर असतील. उगं फोन करत जाऊ नका."

"बरं बाई, न्हाई करत," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुपारी यंत्राची नोंद आली. हलका धक्का, बराबर त्याच वेळेचा. म्हणजे भांडी खरंच वाजली होती. मी असं काहून बोलले?

लगेच फोन लावला. "आजी, चुकलं माझं. तुमचं खरं होतं."

वाटलं, चिडतील. त्या म्हणाल्या, "ते जाऊ द्या. आज घरात निजू का बाहेर?"

याचं उत्तर यंत्र देत नाही, साहेबही देत नाहीत. त्यांचं घर मातीचं, वर पत्रे, पत्र्यांवर दगड. "अंगणातच निजा," मी सांगितलं. असं सांगायचा मला अधिकार नाही.

"व्हय. गल्लीतल्या समद्यांना सांगते, तहसीलातून हुकूम आलाय म्हणून."

मी त्यांना अडवलं नाही.