जोडबंगल्याची माझ्याकडची बाजू

१६ एप्रिल १९७८
बाहेरचा गिलावा आज पुरा झाला. घर एक, दारे दोन. डावीकडे धोंडीराम, उजवीकडे मी. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात टेबलाला टेबल, आता घराला घर. असे मित्र जेल रोडवर दुसरे दाखवावेत.
घोटीचा गवंडी मंगळू जाताना बजावून गेला, आठवडाभर भिंतीवर पाणी मारत राहा. गवंड्यांना काहीतरी बजावायची सवय असते.

१७ एप्रिल, सकाळ
पाणी मारले. अर्धी बादली. खिडकीपर्यंत पोचले नाही. उद्यापासून पहाटे उठून मारणार.

१८ एप्रिल
उठलो नाही. पडल्या पडल्या विचार केला. गिलावा वाळायला हवा. मग वाळू लागला की ओला का करायचा? शास्त्राला धरून नाही.
धोंडीराम लुंगी खोचून पाइप धरून उभा. म्हणाला, रंगा, पाइप पोचतोय, तुझ्याकडं पण मारू का? मी म्हणालो, आपापली भिंत आपण पाहू. उपकारांनी मैत्री बिघडते.

२५ एप्रिल
माझी भिंत उत्तम वाळली. हाताला गरम लागते. धोंडीरामची अजून काळपट, ओली. त्याची कीव आली.

२८ मे
भेगा. केसाएवढ्या, पण सगळीकडे. विमल म्हणाली, पाणी कुठं मारलंत? बायको शास्त्रात शिरली की मी गप्प बसतो.
धोंडीरामच्या बाजूला एकही भेग नाही. सगळ्या मधल्या रेषेपाशी थांबतात. हा योगायोग नाही.

३० मे
तपासणीची पद्धत समजली. किल्लीने ठोकायचे. ठणठण वाजले तर धरलेला, भदभद वाजले तर आतून सुटलेला. दुपारभर ठोकले. बहुतेक भदभद. प्रत्येक जागेभोवती खडूने गोल काढला. घर आता पुराव्यासारखे दिसते. पोस्टमन म्हणाला, साहेब, डीडीटीवाले येऊन गेले का?

३१ मे
तुलना हवी म्हणून धोंडीरामची भिंत ठोकली. ठणठण. जरा जोरात ठोकली. तरी ठणठण. त्याची बायको ठमाबाई बाहेर आली. म्हणाली, भाऊजी, आमची भिंत काय टरबूज हाय का ठोकून बघायला? मी हसलो नाही. दोन भिंतींत फरक का, हे तिला ठाऊक असणार.

२ जून
उलगडा झाला. परमिटचे सिमेंट आणायला ट्रकबरोबर एकटा धोंडीराम गेला होता. (मी रजा वाया घालवली नाही.) ताज्या गोण्या त्याच्या बाजूला, ओल लागून दगड झालेल्या माझ्या बाजूला. एका डब्यातून जेवलेला माणूस! रात्री घास उतरला नाही. दोनच भाकऱ्या खाल्ल्या.

४ जून
पोटात ठेवायचे ठरवले. शत्रूलाही क्षमा करावी, हा तर मित्र.

५ जून
कॉलनीच्या सभेत बोललो. सभा मारुतीच्या देवळात. नाव घेतले नाही. इतकेच म्हणालो, एका घराला दोन प्रकारचे सिमेंट लावणारे मित्रही या कॉलनीत राहतात. कॉलनीत जोडबंगला एकच आहे, हे बोलून झाल्यावर लक्षात आले.
धोंडीराम उभा राहिला. रंगा, हे मला म्हणतोयस का? मी म्हणालो, ज्याचे त्याला कळते. तो तसाच निघून गेला. चपला देवळाबाहेरच राहिल्या.

६ जून
सकाळी त्याने चहाला हाक मारली नाही. अपराधाचे लक्षण. विमल त्याच्या चपला नेऊन देऊन आली. मला न विचारता. घरातही फितुरी.

१० जुलै
पावसात खिडकीवरचा मोठा पोपडा पडला. आत ओल. धोंडीरामने ताडपत्री पाठवली. मी परत पाठवली. असल्या लाचेने मी गप्प बसणार नाही. नंतर विमलने ती मागच्या दाराने घेतली. रात्री घर गळले नाही, पण तत्त्व गेले.

२२ ऑगस्ट
धोंडीरामने बदली मागून घेतली. मागून! आणि कुठे, तर मनमाडला, जिथे प्यायला पाणी नाही. चोर पळाला. मी जिंकलो.
आज निघताना ठमाबाई विमलच्या गळ्यात पडून रडली. धोंडीराम आमच्या दारापर्यंत येऊन उभा होता, असे विमल म्हणते. मी आत वर्तमानपत्र वाचत होतो. हाक मारली असती तर बाहेर गेलो असतो.

१० सप्टेंबर
शेजारी भाडेकरू आले. देवळाली कॅम्पच्या शाळेतले निवृत्ती मास्तर. स्वतः भेटायला आले. म्हणाले, धोंडीरामभाऊंनी सांगितलंय, काही अडलं तर रंगनाथरावांना विचारा, घरातलं त्यांना सगळं कळतं, मला भावासारखे आहेत.
टोमणा. मी ताबडतोब ओळखला.

११ सप्टेंबर
मास्तरांकडे जाऊन विचारले, हे सांगताना तो हसला होता का? नाही म्हणाले. विमलला विचारले. ती म्हणाली, धोंडीरामभाऊजींनी कधी कुणाला टोमणा मारलाय?
बराच वेळ आठवून पाहिले. एकही आठवला नाही.
टोमणा असता तर बरे झाले असते.