टाकीत कोणतं पाणी घालायचं

११ फेब्रुवारी २०२५

रिपोर्ट सगळे नॉर्मल. मग हात एवढे जड का वाटतात, विचारलं. डॉक्टर म्हणाले, "शरीर हलवा. चाला, पळा, काहीही करा. पण रोज." मग वडील कधी गेले ते त्यांनी विचारलं. जानेवारीत, म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

रडायला येत नाही हे सांगायचं राहिलं. ते काही दुखणं नव्हे.

१२ फेब्रुवारी

चालायला गेले. कोपऱ्यापर्यंत पोचले नाही तोवर एका बाईंनी थांबवलं. "कसं झालं गं एकाएकी?" सांगितलं – अप्पा सकाळी पाणी भरत होते, एक हंडा भरून आत ठेवला, दुसरी घागर नळाखाली लावली आणि तिथंच बसले. पुढं अजून एक बाई. परत तेच. वाक्य पाठ झालंय. त्या डोळे पुसत होत्या आणि मी ऑफिसला उशीर होईल का ते बघत होते.

मागं फिरले. जे करायचं ते घरात.

१५ फेब्रुवारी

आज नळाला पाणी आलं, पाच दिवसांनी. आईनं घरातलं शिळं पाणी झाडून सगळं ओतलं – बादल्या, पिंप, कळशा. घासलं. ताजं भरलं. हे काम अप्पांचं. एसटीच्या डेपोतून रात्रपाळी करून आले तरी पाण्याच्या दिवशी तेच उठायचे. आईला नळाजवळ येऊ द्यायचे नाहीत. त्यांची आई जेऊरजवळच्या गावात विहिरीपासून लांब घागर घेऊन उभी राहायची – कुणाला दया येईल तेव्हा तिच्या घागरीत पाणी पडायचं. अप्पा म्हणायचे, "माझ्या दारात नळ हाय. मीच भरनार."

स्वयंपाकाच्या कट्ट्याच्या कोपऱ्यातला स्टीलचा हंडा तेवढा तसाच आहे. त्या सकाळी त्यांनी भरलेला. वर झाकण, झाकणावर पालथा तांब्या. त्याला हात लावायचा नाही असं घरात ठरलंय. आईसाठी बरं आहे ते. तिला काहीतरी धरून राहायला हवं.

मला स्वतःला तसं काही वाटत नाही. पाणी म्हणजे पाणी. विहारातल्या रविवारच्या वर्गात पोरींना मीच हे शिकवते. अप्पांचं नेत्रदानही मीच करायला लावलं. सगळे म्हणाले, पोरगी खंबीर आहे. खंबीर कसली. तेव्हाही काही वाटलं नाही, आताही नाही.

२० फेब्रुवारी

व्यायामाचं मशीन घ्यायचं ठरवलं. धावपट्टी नको – धप धप आवाज, आणि गुडघे. सायकल आवडत नाही. शोधता शोधता एक व्हिडिओ दिसला. एक बाई घसरत्या सीटवर बसून होडी वल्हवल्यासारखा दांडा ओढतेय आणि समोर गोल पारदर्शक टाकीत पाणी घुसळतंय. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बघत होते, हेडफोन नव्हते. पलीकडून कुणीतरी ओरडलं, "नळ चालू राह्यलाय बघा कुणाचा तरी!"

मी तो परत परत लावला. का ते माहीत नाही.

२३ फेब्रुवारी

यशपालचा, धाकट्या भावाचा फोन, पुण्याहून. त्याला मशीनचं सांगितलं. हसत सुटला. "ताई, त्यापेक्षा उजनी धरणावर जा की. होडीवाल्याला म्हण, तू बस निवांत, आज मी वल्हवते. चहा पाजंल तुला."

मग गंभीर झाला. त्याच्या गोदामातून असली मशिनं जातात, त्यामुळं त्याला माहिती आहे. "चुंबकाची घे. आवाज नाही, घडी करून पलंगाखाली जाते. पाण्याची कशाला? गळली तर? तुमच्याकडं प्यायला पाणी पाचव्या दिवशी, आणि तू टाकीत भरून ठेवणार!"

बरोबर आहे त्याचं. तो फोन ठेवताना म्हणाला, "तू बरी आहेस ना पण?" बरी आहे, म्हटलं.

२४ फेब्रुवारी

नीट वाचून काढलं. हवेवर चालणारं मशीन पंख्यासारखं घोंघावतं. शेजारच्या रत्नम्मा दुपारी झोपतात आणि मधली भिंत एकच. चुंबकाचं शांत, स्वस्तही, पण त्यात बटण फिरवून जड-हलकं करावं लागतं. पाण्याच्याला बटण नाही. जोरात ओढलं की आपोआप जड, हळू ओढलं की हलकं. जेवढं आपण देऊ तेवढंच ते परत देतं. हे मला पटलं. पण सात फूट लांब. आमच्या बाहेरच्या खोलीत खिडकीखालीच बसेल, आणि तेही टीपॉय हलवला तर.

चुंबकाचंच घ्यावं. विचार संपवावा.

आमटीतला कढीपत्ता मी लहानपणापासून ताटाच्या कडेला काढून ठेवते. अप्पा जेवता जेवता माझ्या ताटातनं उचलून खायचे. "औषध टाकतीस व्हय गं?" आता पानं ताटातच राहतात. आई ताट उचलते. दारातलं झाड यंदा कधी नव्हे इतकं फुटलंय, त्यामुळं ती मूठभर जास्तच घालते.

२७ फेब्रुवारी

रजा होती. महापालिकेच्या दोन बायका घरोघरी साठवलेलं पाणी तपासत आल्या. डासांच्या अळ्या बघतात. पिंप बघितलं, कूलर बघितला. मग एकीनं हंड्यावरचा तांब्या उचलला. मी म्हटलं, ते राहू द्या. पण तिनं झाकण काढून बॅटरी मारली.

"कधीचं पाणी?"

जानेवारीतलं, म्हटलं. तिनं माझ्याकडं बघितलं, परत आत बघितलं. "स्वच्छ हाय की. पण ताई, शिकलेल्या दिसताय. एवढे दिवस पाणी ठेवतात का? पुढच्या खेपेला आम्हाला वतावं लागंल."

आई पाठमोरी तांदूळ निवडत होती.

इतके दिवस पाणी स्वच्छ राहिलं. अप्पा हंडा राखेनं घासून, तीनदा विसळून भरायचे. म्हणून असेल.

पण वतावं लागेल म्हणाली. दिवसभर तेच डोक्यात.

२ मार्च

होटगी रोडच्या दुकानात गेले. चुंबकाचं बघायला. तिथले शिवानंद म्हणून सेल्समन आहेत, पोट सुटलेले, बोलणं कानडी वळणाचं. चुंबकाचं दाखवलं. ठीक होतं. कोपऱ्यात कापडाखाली पाण्याचंही होतं. म्हणाले, "ही शोला ठेवल्याय बघा. लोक येतात, टाकी बघतात, म्हणतात मासे कुटायत."

बसून बघा म्हणाले, बसले. "हातानं वढू नका मॅडम. आधी पाय, मग पाठ, मग हात. परत येताना उलटं. घाई करायची न्हाय." दहा-बारा वेळा ओढलं. टाकीतलं पाणी उठलं, फिरलं, बसलं.

उतरताना सहज विचारलं, पाणी किती दिवसांनी बदलायचं?

"बदलायचं न्हायच. एकदा भरलं, क्लोरीनची गोळी टाकली, झालं. टाकी बंद असत्येय. वर्ष, दोन वर्षं, काचेसारखं ऱ्हातंय. फक्त ऊन लागू देऊ नका."

मी परत विचारलं, तेच पाणी? तसंच?

"तसंच की ओ."

पाण्याचंच घेतलं. पगारातून होईल. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, चुंबकाच्या मशीनबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता.

३ मार्च

आईला सांगितलं. हंडा आता कुणी ओतणार नाही. त्यातलं पाणी टाकीत घालू, अळ्या नाहीत, वास नाही, कायमचं राहील. मला वाटलं ती रडेल. तिनं उलट विचारलं.

"त्येच घालायचं?"

तेच.

"दुसरं घाल की. ताजं."

नाही, तेच. तुझ्यासाठीच करतेय आई.

"बरं," म्हणाली आणि कढीपत्ता तोडायला दारात गेली.

१३ मार्च

मशीन आलं. शिवानंद स्वतः जोडायला आले. टीपॉय रत्नम्मांकडं गेला. त्या दारात उभ्या राहून बघत होत्या. "एवढी मोठी नाव आणली, नदी कुठंय?" आई हसली. बऱ्याच दिवसांनी.

मशीनबरोबर हातपंप असतो, त्यानं हंड्यातलं पाणी टाकीत चढवलं. हंडा रिकामा झाला पण टाकीच्या रेघेपर्यंत पाणी गेलं नाही. आई पिंपातलं तांब्याभर आणायला निघाली. नको म्हटलं. दुसरं मिसळायचं नाही.

"इतकं गं?" आई म्हणाली.

शिवानंद म्हणाले, थोडं कमी असलं तरी चालतंय, जरा हलकं लागंल.

रिकामा हंडा मी पुसून फळीवर पालथा घातला. काही वाटेल म्हणून थांबले होते. नाही वाटलं.

१४ मार्च

पाय, पाठ, हात. हात, पाठ, पाय.

२२ मार्च

रोज करते, ऑफिसला जायच्या आधी. आई भाकरी थापत असते, तिची थापटी आणि टाकीतलं पाणी असे दोनच आवाज. खांदे दुखतात. दुखणं तरी कळतंय.

अप्पांचं पाणी रोज हलतं. कोपऱ्यात झाकून बसलेलं नाही. हे मी केलं, असं मनात येतं आणि थोडं बरं वाटतं. बरं म्हणजे काय ते लिहिता येत नाही.

५ एप्रिल

ऊन भयंकर. खिडकीला जुनी चादर लावली.

१४ एप्रिल

जयंती. विहारात पोरींसमोर बोलले – पाण्यावरच्या हक्काबद्दल. काय बोलले आठवत नाही. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत अप्पांची जागा कुणीतरी सवयीनं रिकामी ठेवली होती.

१९ एप्रिल

टाकीतल्या पाण्याला हिरवट झाक आलीय. सकाळच्या उजेडात दिसली. आधी वाटलं चादरीचा रंग. चादर काढून बघितलं.

२१ एप्रिल

शिवानंदना फोन केला. "ऊन लागलं असणार. काय न्हाय मॅडम, पाच मिनिटांचं काम. पाणी काढा, टाकी धुवा, नवीन भरा. पंप दिलाय की."

ते पाणी काढायचं नाहीये, म्हटलं.

"मग काय करायचंय?"

मी फोन ठेवला. अजून एक गोळी टाकली.

२३ एप्रिल

आणखी एक. फरक नाही. कडेला शेवाळ धरलंय.

मशीन पुठ्ठ्यांनी झाकून टाकलं. उजेड नको. व्यायाम बंद. हात परत जड.

२५ एप्रिल

सीटवर नुसती बसले होते, दांडा न धरता. आई भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली.

"पिरू, एक सांगू?"

काय?

बोटांवरचं पीठ चोळून काढलं. मग म्हणाली, "जेवून घे."

२७ एप्रिल, रविवार

पाणी आलं. आई बादली आणि पंप घेऊन बाहेरच्या खोलीत आली. मी टाकीसमोर उभी राहिले. म्हटलं, अप्पांचं आहे ते.

"न्हाय गं," आई म्हणाली. "त्यात कवाच आळ्या झाल्या हुत्या. तू हापिसात गेल्यावर वतलं मी, दारातल्या कढीपत्त्याला. मग दर खेपेला ताजं भरून झाकून ठिवायची. तूच म्हणली हुतीस, ऱ्हाऊ दे म्हणून."

मी कधी म्हणाले?

"मग कोण म्हणलं?"

टाकी रिकामी केली. घासली. नळापाशी बसून हंडा मी भरला.

दुपारी आमटी. सवयीनं कढीपत्ता कडेला काढला होता. मग एकेक पान उचललं आणि चावून खाल्लं. सगळी. आईच्या ताटातलीसुद्धा.

"तिखट झालंय व्हय गं?" आईनं विचारलं आणि पदर पुढं केला.

व्हय, म्हटलं.