पोस्टरवरची मुलगी

आत्या,

बाबांनी दुसऱ्या वंशाची, काळी बायको केली म्हणून तू आमच्याकडे येणं सोडलंस. त्यामुळे तुझी भाची पोस्टरवर झळकल्याचं तुला कुणी सांगितलं नसेल.

आमच्या वस्तीतल्या समितीने वर्णभेदाविरुद्ध मोहीम काढली. ‘रंग नको, माणूस बघा’ असं वर लिहून खाली माझा फोटो छापला. फोटोवाल्याने नेहमीच्या सवयीने छपाईआधी माझा चेहरा चांगला उजळवून टाकला. मी जाब विचारला, तर म्हणाला, “अगं, सगळ्यांचाच करतो. आजवर कुणी तक्रार केली नाही.” समितीत कुणाच्या लक्षातही आलं नाही. उलट अध्यक्षीणबाई म्हणाल्या, “किती गोड आलीय!”

सभेच्या दिवशी मी दारात पत्रकं वाटत होते आणि डोक्यावर माझंच पोस्टर लटकत होतं. एका बाईंनी पत्रक घेता घेता विचारलं, “ती पोस्टरवरची मुलगी येणार आहे का हो आज?”

“नाही,” मी म्हटलं, “तिला बरं नाही.”

धुसफुसतच घरी आले. वाटलं होतं, निदान आई तरी चिडेल. तर तिने ते पोस्टर बाहेरच्या खोलीत, दारातून थेट दिसेल असं चिकटवलं होतं. त्यावरून आपला काळा हात हळूच फिरवत ती म्हणाली, “यात तू अगदी आत्यावर गेलीयस. एक तिला पाठव ना. आता येईल ती.”

पोस्टर पाठवणार नाही. हे पत्रही नाही. न जाणो, खरंच येशील.

तुझी,
पोस्टरवर नसलेली भाची