अडीच काय?

प्रिय सत्यभामेस,

वरवट बकालहून लिहितो आहे. सकाळी सोनाळ्याहून निघालो तो तुझ्याकडे मोताळ्याला यायचं म्हणून. पण पूर्णेला पूर आला आहे आणि एसटी इथूनच माघारी फिरते आहे. ओळखीच्या एका शिक्षकांच्या ओसरीवर बसलो आहे. आधी काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून घडलं तसंच लिहितो.

आपल्या गावचे उकंडराव बैल पाहायला तुमच्या मोताळ्याच्या बाजारात गेले होते. पाणी चढायच्या आत परतले आणि काल थेट शाळेत आले. मी नववीला सार्थ अंक शिकवत होतो. फळ्यावर २.५ आणि २.५० लिहून सांगत होतो की हे दोन आकडे सारखे दिसले तरी सारखे नाहीत. दुसरं माप जास्त बारकाईनं घेतलेलं आहे, आणि कुठल्याही मापातला शेवटचा अंक हा अंदाजच असतो. उकंडराव दारातूनच म्हणाले, "मास्तर, पोरगी झाली. अडीच भरली."

मुलांनी बाकं वाजवली. माझ्या तोंडून निघालं, "अडीच काय?"

त्यांनी पागोटं सारखं केलं. "ते मले काय मालूम? तुमच्या साळ्यानं अडीच सांगतलं, मी अडीच आनलं."

हेडमास्तर वामनरावांनी पेढे मागवले. आनंद मलाही झाला, पण तो अंगात भिनेना, कारण डोकं त्या अडीचमध्येच अडकलं होतं. वर्ग सुटल्यावर मी रिकाम्या फळ्यासमोर उभा राहिलो. किलो असतील तर पोर चांगलीच म्हणायची. शेर असतील तर २.३३ किलो आलं. मग माझं मलाच हसू आलं, मूळ आकड्यात सार्थ अंक दोन, तर उत्तरात तीन कुठून आणतोस? २.३ केलं. पण पौंड असले तर? मोताळ्याच्या दवाखान्यातला काटा तुला आठवत असेल. तू त्याच्यावर उभी राहिलीस तेव्हा सिस्टरांनी पौंडात सांगितलं, कंपाउंडरनं किलोत लिहिलं आणि तुझ्या आईनं शेरात विचारलं. सरकारनं वजनं बदलली, माणसांच्या जिभा अजून बदललेल्या नाहीत. अडीच पौंड म्हणजे १.१ किलो. एवढी पोर माझ्या दोन ओंजळींत मावेल. ग्रॅममध्ये मांडलं तर किलोचं २.५ गुणिले दहाचा तिसरा घात, आणि पौंडाचं १.१ गुणिले दहाचा तिसरा घात. घात दोन्हीकडे तोच. मुलांना मी नेहमी सांगतो, घात नीट पाहा, पुढच्या अंकाला फार घाबरू नका. काल मी त्या पुढच्या अंकाकडेच बघत राहिलो.

संध्याकाळी अंबूबाईंकडे जेवायला गेलो. तू माहेरी गेल्यापासून शेजारधर्म म्हणून त्याच मला वाढतात. त्यांनी निकाल देऊन टाकला: "शेरच असन बाप्पा. पोरीले काय सोन्यावानी तोलतेत काय?" मग भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "अन् सत्यभामा कशी हाय?"

माझा घास हातातच राहिला. मी विचारलंच नव्हतं. उकंडरावांना अडीच काय ते विचारलं, तुझं विचारलं नाही. हात धुऊन तसाच त्यांच्या घरी गेलो. ते बराच वेळ आठवत राहिले आणि म्हणाले, बाईचं काही बोलनं झालं नाही. आता याचा अर्थ काय लावायचा? जे ठीक असतं ते कोणी मुद्दाम सांगत नाही, हे खरं. जे ठीक नसतं तेही बाजारात भेटलेल्या माणसापाशी कोणी सांगत नाही, हेही खरंच. काट्यावर उभी राहिलीस त्या दिवशी तुझ्या पायांवर सूज होती. सिस्टरांनी बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला होता. त्या काय म्हणाल्या असं मी तुला परतताना एसटीत विचारलं, तेव्हा तू खिडकीबाहेर बघत "काही नाही" म्हणालीस.

आज दुपारी नदीवर गेलो. पलीकडच्या काठावर पाचसहा माणसं अडकलेली होती, त्यांत पुंजाजी दिसले. पिवळ्या फेट्यावरून तुझ्या भावाला लगेच ओळखलं. निरोप तर पोचला होता, मग ते स्वतः का निघाले असतील? मी ओरडून विचारलं. पाण्याच्या आवाजात माझं मलाही ऐकू येईना. त्यांनी कानाला हात लावला, मग दोन बोटं वर केली आणि तिसरं बोट मधोमध आडवं धरलं. पुन्हा अडीच! मी मान हलवली, नाही, ते नाही. तुझ्यासाठी कुठली खूण करायची तेच कळेना. शेवटी खांद्यावरचं उपरणं डोक्यावर पदरासारखं ओढून घेतलं आणि त्यांच्याकडे हात केला. आजूबाजूची माणसं हसली. पुंजाजी हसले नाहीत. त्यांनी दोन्ही हात जोडले, बराच वेळ तसेच धरले, आणि पाठ फिरवून काठ चढून गेले. तो मला नमस्कार होता, देवाची कृपा म्हणून जोडलेले हात होते, की आणखी काही, मला सांगता येत नाही. तेव्हापासून मी तेच हात डोळ्यांपुढे धरून बसलो आहे.

नावाडी म्हणतो, पाणी जरा ओसरलं की आधी टपालाची पिशवी नेणार. माणसांचं नंतर बघू. म्हणजे हे पत्र माझ्या आधी पोचेल. पुंजाजींच्या नावानं पाठवलं तर लवकर हाती पडेल असं इथले शिक्षक म्हणाले, पण माझा हात तसा पत्ता लिहीना. तुझंच नाव घातलं आहे. पोरीचं वजन कळवू नकोस, ती जेवढी असेल तेवढी मला पुरे. नाव तुला आवडेल ते ठेव. फक्त उत्तर तू लिही, दुसऱ्या कोणाकडून लिहवून घेऊ नकोस. बाळंतिणीनं डोळ्यांना ताण देऊ नये हे मलाही ठाऊक आहे, तरी लिही. एक ओळ लिही, अर्धी लिही, नाहीतर नुसतं तुझं नाव लिही. तुझं अक्षर दिसलं की मला दुसरं काही विचारायचं नाही.

काठावर वाट बघणारा,
तुझाच
नारायण