केस आल्यानंतरची गोळी

अव्वा, तू जाऊन एकवीस वर्षं झाली. आज तुला सांगावं असं काही घडलंय. माझ्या लेकीची लेक, सात वर्षांची, रक्ताच्या कॅन्सरमधून बरी झाली. अडीच वर्षांचे उपचार संपले. सकाळी डॉक्टरीणबाई फाईल मिटून म्हणाल्या, "आता फक्त तपासायला यायचं." मी तिथंच विभूतीची पुडी सोडली, आधी पोरीच्या कपाळाला लावली, मग बाईंच्या. त्यांनी मान पुढं केली, बघ.

आपल्या धाकटीला, माझ्या पाठच्या बहिणीलाही हेच होतं. मी तेव्हा दहा वर्षांची. इंजेक्शनांनी तिचं डोकं गुळगुळीत झालेलं, आणि तू सिद्धेश्वराला बोलली होतीस, वेणीपुरते केस आले की दर्शनाला आणीन. केस आले. चुलीपाशी तू तिला मांडीवर घेऊन बसली आहेस. वेणी बोटभर, गजरा वेणीहून मोठा. तू म्हणतेस, "केस आले की. आता कशाला जायचं तितं?" दवाखान्याची तारीख तशीच गेली, पुढचीही गेली. ज्वारी काढणीला आली तेव्हा ताप परत आला, आणि मग कुणाच्या हाती काही राहिलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "श्रीमंत देशांत पोरं वाचतात ती याच औषधांनी. आपल्याकडं जास्त दगावतात, कारण बरं वाटलं की कितीतरी लोक यायचं सोडतात." घरी येऊन मी हिशेबाची वही उलटी केली आणि मागच्या पानापासून गोळ्या मांडायला लागले. दिली, की एक खूण.

गेल्या वर्षी मी नातीचे केस विंचरत होते. जावई चिंचोळीच्या कारखान्यातून पहिली पाळी करून आलेले. म्हणाले, "मामी, चांगली लंगडी खेळतीय की. किती दिवस ते विष घालायचं?"

"बाई थांब म्हणेपर्यंत."

"तुमच्या वहीपुढं देवाचंही चालायचं न्हाय," म्हणून ते हसले. पण त्या संध्याकाळी गोळीबरोबरचं पाणी त्यांनीच आणलं.

आज नातीनं दोन वेण्या घालून घेतल्या आणि शेवटच्या खुणेभोवती स्वतः फूल काढलं. उद्या तिला सिद्धेश्वराला नेते. तुला लिहिलेला हा कागद वहीच्या त्याच पानात राहील.

एवढी वर्षं मी मनातून तुला दोष देत आले, अव्वा. पण जावयांनी विचारलं तेव्हा माझी बोटं तिच्या त्या मऊ, नव्या केसांत होती, आणि उत्तर द्यायच्या आधी क्षणभर मलाही वाटलं होतं, केस आले की.