मोहाच्या दिवसांतली हजेरी

गुरुजी,

यंदा आपल्या शाळेत काय काय आलं ते आधी सांगते. पुस्तकांचे दोन गठ्ठे आले, फुकट. पण तालुक्यापासून आणायचं ऑटोभाडं सरांनी स्वतःच्या खिशातून दिलं. भिंतीवर लावायचा मोठा टीव्ही आला, तोही फुकट. बिल थकल्यामुळं शाळेची लाइन कापलेली, म्हणून तो खोक्यातच आहे आणि खोक्यावर पहिलीची पोरं बसतात. खिचडीचे तांदूळ वेळेवर आले, तेल उशिरा आलं. आणि मागच्या आठवड्यात एक कागद आला. पट वीसच्या आत आहे, गुणवत्ता असमाधानकारक आहे, तरी मोठ्या रस्त्यावरच्या शाळेत समायोजन करण्याबाबत शाळा समितीनं आपलं म्हणणं कळवावं. समितीची अध्यक्ष मी आहे. हसू नका. मॅट्रिक झालेली आणि दुपारी मोकळी असलेली बाई गावात दुसरी सापडली नाही.

असमाधानकारक कसं ठरलं ते तुम्हाला कळायला हवं. तुम्हाला इथून बदलून जाऊन इतकी वर्षं झाली, तरी या शाळेचा जबाब मला तुमच्यापुढंच द्यावासा वाटतो. तपासणीचे साहेब आले ते नेमके मोहाच्या दिवसांत. सकाळची शाळा, सात वाजलेले, सतरा पोरांतली चार हजर. बाकीची आईबापांसोबत मोहाखाली, फुलं वेचायला. सर नवे, मराठवाड्याकडचे. परिपत्रकात सात लिहिलं म्हणून त्यांनी साताला घंटा वाजवली आणि तेरा गैरहजऱ्या इमानदारीनं मांडल्या. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की तुमच्या वेळी मोह पडायचे तीन आठवडे शाळा साडेदहाला भरायची. मीही सांगितलं नाही. मला वाटलं, हे शाळेला माहीतच असतं.

साहेबांनी शेरा लिहिला आणि वही माझ्यापुढं सरकवली. मी म्हटलं, "साहेब, दहापर्यंत थांबा. लेकरं येते."

"बाई, आमाले अजून दोन शाळा पाहाच्या आहेत."

"मंग त्या पाहून या. मी अर्ध्या शाळेवर सही करत नाई."

"सही नाई केली तरी शेरा राह्यते."

"राहू द्या. माही सही नाई, हेबी राह्यन."

ते चिडले, पण थांबले. चहा मी घरून नेला. दहाला पोरं आली, हात चिकट, अंगाला मोहाचा वास. आठ जणांनी धडा घडाघडा वाचला. सात जणांनी बोट ठेवून, अडत वाचला. पहिलीतली दोघं घरी गोंडी बोलतात, ती साहेबांकडं नुसती बघत राहिली. भागाकार एकालाही धड आला नाही, आणि ते मी लपवलं नाही. पण एका पोरीनं पायलीच्या हिशेबानं मोहाचे पैसे तोंडी सांगितले, ते साहेबांनी कागदावर मांडून दोनदा तपासले. शेरा मात्र बदलला नाही. हजेरी चारच राहिली.

मला ते दिवस दिसतात. तुम्ही सायकल झाडाला टेकवून मोहाखाली उभे आहात, हजेरीची वही कॅरियरला बांधलेली, आणि आम्ही टोपल्यांतून मान वर करून "हजर" म्हणतो आहोत. सातवीत असताना तुम्ही ती वही भरायला माझ्याकडं दिली होती. तपासणी होती म्हणून मी माझ्या मैत्रिणीची गैरहजेरी हजर करून टाकली. ती तापानं घरी पडलेली. तुम्ही साहेबांसमोर लाल शाईनं ती खोडली आणि मला म्हणालात, "शाळा वाईट दिसली तर चालते मले. खोटी दिसली नाई पाह्यजे." मी त्या दिवशी जेवले नव्हते. रागानं, लाजेनं नाही. लाज पुढं आली.

परवाच्या सभेत समितीतले एक भाऊ म्हणाले, "चार नावं टाकून द्या ना रजिस्टरात, माह्या साळ्याचे पोरं आहेत, कोन पाह्यते?" त्या लाल शाईमुळंच मी साफ नाही म्हटलं. खोट्या नावांवर शाळा उभी करायची असेल तर उद्या बंद झाली तरी चालेल, असंच म्हटलं. मग मी रस्त्याचं बोलले. समायोजन झालं तर ही एवढी एवढी लेकरं सूरजागडच्या खाणीचे ट्रक धावतात त्या रस्त्याच्या कडेनं चालणार. तेवढ्यात मागून एक बाई उठली. तिच्या दोन्ही पोरी आपल्या शाळेत आहेत, रोजी बुडवून सभेला आली होती. म्हणाली, "बाई, थे सगळं खरं. पन तुमचा नातू पिवळ्या गाडीत बसून कुठी जाते? गाडीचा भोंगा तं तुमच्याच दारात पयले वाजते."

सगळे हसले. हसण्यासारखंच होतं. मुलगा गडचांदूरला कामाला, सून आणि नातू माझ्याजवळ, आणि कॉन्व्हेंटची गाडी आमच्या दारातून चार घरची पाच पोरं भरून नेते. ती पाच परत आली तर पट बावीस होतो, एकाही खोट्या नावाशिवाय. मी तिथंच उभ्या उभ्या म्हटलं, "जूनपासून माहा नातू इथी बसन. आता बाकीच्या तीन घरांनी बोलावं." हसणं तेवढं थांबलं.

मुलाचा फोन आला. "आई, तुह्या शाळेसाठी माह्या पोराले काऊन डावावर लावून राह्यली?" मी म्हटलं, "तूबी याच शाळेत शिकला." तो म्हणाला, "म्हूनच म्हणतो." फोन ठेवला त्यानं.

तरी मी कार्यालयाला उत्तर लिहून पाठवलं. पोरांना काय येतं ते लिहिलं, काय येत नाही तेही लिहिलं. मोहाचे तीन आठवडे शाळा साडेदहाला भरेल, तेव्हा या आणि मोजा, असं लिहिलं. दुसरा गुरुजी द्या, लाइन जोडा, मग गुणवत्ता विचारा, असंही लिहिलं. विनंती हा शब्द एकदाच घातला, तोही शेवटी.

एक मात्र केलं नाही. नातवाचा दाखला काढायचा अर्ज लिहून, सुनेची सही घेऊन मी सोमवारी तालुक्याला गेले. शाळेच्या प्रार्थनेसाठी उदबत्ती घेतली, मीठ घेतलं, कॉन्व्हेंटच्या फाटकापर्यंत गेले, आणि अर्ज पिशवीतच घेऊन परत आले. साहेबाला मी भ्याले नाही गुरुजी, नातवाचं नुकसान होईल याला भ्याले. जूनपर्यंत जाईन, देवाची आण. पण तुमची मुलगी आमच्याच रांगेत, माझ्या शेजारी बसायची. तालुक्याला तेव्हाही चांगली शाळा होती. तिला तिथं न पाठवता आमच्यात बसवताना तुम्हीही कधी असे भ्यालात का, तेवढंच उलट टपाली कळवा.